शेणाच्या घराची बाजू

आज १४ नोव्हेंबर, बालदिन. जळकोट तालुक्यातल्या शाळांत फुले वाटली जातील, भाषणे होतील. हजेरीपटावरची काही पोरे मात्र दिवाळी होताच आईबापांबरोबर ट्रकात बसून गेली आहेत. या डोंगराळ, कोरडवाहू मुलखातल्या वाड्या-तांड्यांवरून दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिकडे पाचटाची, ताडपत्रीची कोपी पडते आणि धाकटे लेकरू थोरलीच्या कडेवर येते.

२०२५चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया'ला मिळाला. मराठवाड्याला याचा अभिमान आहे. म्हणूनच विचारावेसे वाटते, आपल्या बालसाहित्यात हे कोपीतले पोर कुठे आहे?

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते. तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो. बाळाची अंघोळ, काजळ उरकेपर्यंत ती उघडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण लेकरांना मेणाच्या घरात, चिमणीशेजारी बसवून ही गोष्ट सांगितली. अवकाळी पावसात गळत्या कोपीत रात्र काढलेल्या पोराला ती सांगून बघा. ते दाराबाहेर भिजत उभे असेल. शेण आणि मेण हा फरक स्वभावाचा नाही, ऐपतीचा आहे, हे कळायला त्याला मार्क्स वाचावा लागत नाही.

मार्क्सच्या नावाने बिचकायचेही कारण नाही. तो आपल्या लेकीला, एलिनॉरला, गोष्टी सांगायचा. तिच्या आठवणीत हान्स रॉकले नावाचा जादूगार आहे. त्याचे खेळण्यांचे दुकान होते, पण पैशाची कायम चणचण. सैतानाचे देणे फिटेना, खाटकाचेही फिटेना. मग जीव लावून केलेली खेळणी सैतानाला विकायची. आपल्याकडे साने गुरुजींनी १९३५च्या 'श्यामची आई'त घरावरचे कर्ज मुलांपुढे उघडे मांडले, आणि मुलांना ते समजले. नंतरच्या कितीतरी गोष्टींत मोलकरीण येते, भांडी घासून जाते. तिच्या पोराचे नावही कळत नाही.

जुन्या गोष्टी टाकून देऊ नका. गुरुजी, बाई, यंदा चिऊ-काऊ कावळ्याच्या बाजूने सांगा आणि पुढे काय झाले ते पोरांना लिहू द्या. गावातल्या हंगामी वसतिगृहात, आजी-आजोबांकडे मागे राहिलेल्या पोरांपर्यंत वाचनपेटी पोचवा. टोळ्या परतायला मार्च-एप्रिल उजाडेल.