जुन्या यंत्राला नवी आज्ञावली द्यावी काय?

घरातल्या सर्व संगणकांना एकच हार्डडिस्क वापरता यावी म्हणून नेटवर्कला जोडायची साठवणपेटी मिळते. विद्यार्थिमित्रांनो, हीही एक छोटा संगणकच! तिला चालवणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, फ्लॅश चिपमध्ये लिहिलेली असते. पेटी जुनी झाली की कंपनी आज्ञावलीची दुरुस्ती थांबवते. डिस्क मात्र फिरतच राहते. मग कंपनीची मान्यता नसलेली नवी आज्ञावली तीत घालावी काय? माझ्या मते घालावी, पण सर्व फाइलींची प्रत आधी दुसरीकडे ठेवूनच.

लिंक्सिस कंपनीची २००४ सालची एनएसएलयू२ ही पेटी पाहा. मेमरी अवघी ३२ मेगाबाइट, फ्लॅश ८ मेगाबाइट. मूळ आज्ञावली लिनक्सवर आधारलेली असल्याने हौशी मंडळींना तिचा अभ्यास करता आला आणि त्यांनी पेटीवर चक्क डेबियन चालवले. सुरुवातीच्या पेट्यांत २६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर १३३ वरच चालत असे. एक रोधक काढला की वेग दुप्पट! (भौतिकीच्या शिक्षकाला याहून गोड उदाहरण कोठून मिळणार?)

धोका आहेच. फ्लॅशमध्ये लेखन चालू असताना वीज गेली, तर यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. पण स्वस्थ बसणेही निर्धोक नाही. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह पेट्यांची आज्ञावली २०१५ नंतर सुधारली गेली नव्हती. जून २०२१ मध्ये इंटरनेटवरून घुसखोरी होऊन अनेकांच्या पेट्या कोऱ्या झाल्या. वर्षानुवर्षांचे घरगुती फोटो गेले, आणि कित्येकांजवळ दुसरी प्रत नव्हती.