'करण्यात येईल', पण करणार कोण?

दहावीची पोरं पॅसिव्ह व्हॉइस घोकतायत. रीत सोपी. कर्म पुढे आणा, काळ बघून इज, वॉज किंवा विल बी लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घाला आणि कर्त्याला 'बाय' लावून शेवटी बसवा. 'द कॉन्ट्रॅक्टर बिल्ट द रोड'चं झालं 'द रोड वॉज बिल्ट बाय द कॉन्ट्रॅक्टर'. गंमत पुढे आहे. तो शेवटचा 'बाय'चा तुकडा उडवला तरी वाक्य शुद्धच राहतं. कॉन्ट्रॅक्टर गायब, मार्क पूर्ण!

मंडळी, सरकारी कारभार या उडवलेल्या तुकड्यावर चाललाय.

आपल्या मराठीचा कर्मणी प्रयोग बघा. 'रामाने आंबा खाल्ला'. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, पण राम वाक्यात ठाम उभा. 'रावण रामाकडून मारला गेला' हे वळण इंग्रजीचं, तरी त्यातही राम आहे. कचेरीच्या मराठीने रामालाच हाकलला: 'करण्यात येत आहे'.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आपल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. तेव्हापासून विचारतोय, 'पंचनामे करण्यात येतील', 'मदत देण्यात येईल' यात बागायतदाराने कोणाच्या टेबलासमोर उभं राहायचं? हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन इराणच्या शस्त्रप्रकरणावर बोलताना म्हणाले, गंभीर चुका झाल्या. कोणी केल्या, ते त्या वाक्यात नव्हतं.

पॅसिव्ह वाईट नाही हो. मार्च २०१२ मध्ये शेजारच्या दिवेआगरला सुवर्ण गणेश चोरीला गेला, दोन रखवालदार मारले गेले. त्या सकाळी हेच वाक्य खरं होतं, कारण चोर कोण ते माहीतच नव्हतं. पण रस्त्याचा ठेकेदार, बिलावर सही करणारा अभियंता, हे काय अज्ञात चोर आहेत?

प्रेसनोट आली की माझा पहिला फोन हाच: 'करण्यात येईल' म्हणजे कोण करणार, कधी? पलीकडे बहुतेकदा शांतता. तुम्हीही विचारा. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अधिकाऱ्यांची सूची आणि जबाबदारीची साखळी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते. नसेल तर अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात 'कारवाई झाली का' विचारू नका, 'झाली' एवढंच लिहून येईल. 'कारवाई कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला केली' असं विचारा.

आणि तुमच्या गावच्या बोर्डावर 'येईल' लिहिलेलं दिसलं तर फोटो खाली टाका. कर्ता आपण मिळून शोधू.