एक गीत, तीन कंठ

गळा फिरला कीं गायकाचें गाणें संपलें, असा सार्वत्रिक समज आहे. ब्रिटिश रॉक गायिका मेरिॲन फेथफुल हिचें उदाहरण मात्र निराळी साक्ष देतें. १९६४ सालीं, वयाच्या १७ व्या वर्षीं, तिनें 'ॲज टिअर्स गो बाय' हें गीत कोवळ्या, निर्मळ आवाजांत गाइलें. खेळणाऱ्या मुलांकडे दुरून पाहणाऱ्या प्रौढ मनाची खंत हा त्याचा विषय. पुढें अमली पदार्थ, धूम्रपान व कंठदाह यांनीं तो गळा होरपळला. स्वरतंतु सुजून जड झाले कीं त्यांचीं कंपनें मंदावतात व स्वर खालीं उतरतो. १९७९ च्या 'ब्रोकन इंग्लिश'मध्यें तो घोगरा, चिरफाळलेला आवाज ऐकूं येतो. व्यसनांचें समर्थन यांत कोणीं शोधूं नये. गेलेला स्वर परतला नाहींच. परंतु तेंच गीत तिनें १९८७ मध्यें व पुन्हां २०१८ मध्यें, ७१ व्या वर्षीं गाइलें, तेव्हां सतराव्या वर्षीं पाठ केलेली खंत तिची स्वतःची झाली होती. २०२५ च्या जानेवारींत ती निवर्तली.

आपल्या घरांतील आजीबाई "आतां गळा राहिला नाहीं" म्हणून भूपाळी अर्ध्यावर सोडतात, तेव्हां वाचकांनीं त्यांस पुढील कडवें म्हणण्याचा आग्रह अवश्य करावा.