नावे अनेक, मालक थोडे

तालुक्याच्या बाजारपेठेत लाल महिंद्रा आणि निळा स्वराज शेजारी शेजारी विकले जातात. शेतकरी दोन्हीकडे भाव काढतो आणि स्पर्धेचा लाभ घेतल्याच्या समाधानात कर्जाच्या कागदावर सही करतो. वस्तुतः २००७ पासून दोहोंचा मालक एकच आहे!

स्वराजचा इतिहास उद्बोधक आहे. परदेशी आराखड्यावर विसंबून न राहता दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेने तो सिद्ध केला आणि पंजाब शासनाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीने १९७४ मध्ये मोहालीत त्याचे उत्पादन आरंभिले. महिंद्राने १९६३ मध्ये या धंद्यात पाऊल टाकले ते अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साहाय्याने. तीन दशके ही चुरस चालली. अखेर एकाने दुसऱ्यास विकत घेतले. आयशर तत्पूर्वीच, २००५ मध्ये, टॅफेकडे गेला होता.

विलीनीकरणाने उत्पादनखर्च घटतो, हे खरे. परंतु त्या बचतीतला वाटा शेतकऱ्याच्या पदरात पडतो तो प्रतिस्पर्ध्याच्या धाकाने. मालकाच्या औदार्याने नव्हे. अशा व्यवहारांची छाननी करण्याचा अधिकार स्पर्धा आयोगाला प्रत्यक्षात मिळाला २०११ मध्ये. तोवर हे दोन्ही सौदे उरकले होते.