विश्लेषण : जुनी बुलेट, जीप घेताय? आरसी खरे, पण चेसिस नंबर खोटा निघाला तर…

जुन्या गाड्यांना पुन्हा भाव आला आहे. गोठ्याच्या कोपऱ्यात धूळ खात उभी असलेली बुलेट, शेताच्या बांधावर गंजलेली महिंद्राची जीप, राजदूत, येझदी, अ‍ॅम्बेसेडर या गाड्या आता लोक शोधून शोधून घेतात. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर या पट्ट्यात ‘क्लासिक’ म्हणजे परदेशी स्पोर्ट्स कार नव्हे, तर बहुतेक वेळा याच गाड्या. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, टाकीवरचा रंग बघतो, आरसीवरचे नाव वाचतो आणि बयाणा देतो. लोखंडावर कोरलेला चेसिस नंबर मात्र फारच थोडे लोक वाकून बघतात. तो खोटा निघाला तर पैसेही जातात आणि गाडीही जाते. वर पोलिस ठाण्याच्या फेऱ्या.

चेसिस नंबरला इतके महत्त्व का?

नंबर प्लेट बदलता येते, रंग बदलता येतो, इंजिनही बदलता येते. कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक. आजच्या गाड्यांवर तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो. भारतात बनलेल्या गाडीचा क्रमांक ‘एम’ने सुरू होतो. महिंद्राचा एमए१, रॉयल एनफिल्डचा एमई३, बजाजचा एमडी२. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. त्यामुळे १७ अक्षरी क्रमांकात यापैकी एखादे अक्षर दिसले तर तिथेच थांबावे.

अडचण जुन्या गाड्यांची आहे. अमेरिकेने १७ अक्षरी पद्धत १९८१ पासून सक्तीची केली. आपल्याकडे ती त्याच्या बऱ्याच नंतर रुळली. १९७० किंवा ८० च्या दशकातील जीप किंवा बुलेटवर प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे छोटे क्रमांक आहेत. ते ठोकण्याची साधनेही साधी होती. म्हणजे खरा क्रमांकसुद्धा थोडा वाकडा, कमी-जास्त खोल असू शकतो, आणि खोटा ठोकणाऱ्याला नेमके हेच सोयीचे पडते.

खोटा नंबर बसतो कसा?

यातली सर्वात धोकादायक पद्धत समजायला सोपी आहे. अपघातात चक्काचूर झालेली किंवा पुरात बुडालेली गाडी भंगाराच्या भावात घ्यायची, पण तिचे आरसी जपून ठेवायचे. मग त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच रंगाची गाडी चोरायची. तिचा नंबर ग्राइंडरने घासायचा आणि भंगारातल्या गाडीचा नंबर ठोकायचा. कधी नंबर असलेला लोखंडाचा तुकडाच कापून दुसऱ्या सांगाड्यावर वेल्डिंगने बसवतात. आता कागद शंभर टक्के खरे असतात. खोटी असते ती गाडी.

जुन्या जीपच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव उघड्या जीप बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. जुने सुटे भाग आणि नवी बॉडी जोडून तिथे जीप उभी राहते. पण ती रस्त्यावर आणायची तर कुठल्या तरी खऱ्या जुन्या जीपचे आरसी लागते. इथे चोरी झालेलीच असेल असे नाही. तरीही आरसीवरची जीप एक आणि दारातली जीप दुसरी, हे राहतेच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितले आहे.

महाराष्ट्रात अशी प्रकरणे घडली आहेत का?

घडली आहेत, आणि ती फक्त दुचाकीचोरांच्या टोळ्यांपुरती नाहीत. २०२१ च्या सुरुवातीला नवी मुंबई पोलिसांनी पुरात खराब झालेल्या, भंगार म्हणून विकलेल्या बीएस-४ मोटारींचे प्रकरण उघड केले. चेसिस नंबरमध्ये फेरफार करून त्या गाड्या नव्यासारख्या विकल्या गेल्याचा आरोप होता. शंभराहून अधिक गाड्या जप्त झाल्या. २०२४ मध्ये नवी मुंबईच्याच गुन्हे शाखेने इतर राज्यांतून चोरलेल्या ट्रकचे प्रकरण हाती घेतले. चेसिस आणि इंजिन क्रमांक बदलायचे, ईशान्येकडील राज्यांतील नोंदणीचे कागद उभे करायचे आणि मग अमरावती, नागपूरच्या आरटीओत त्यांची पुन्हा नोंदणी करायची, अशी ही साखळी असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. त्यात अमरावती आरटीओतील अधिकाऱ्यांनाही अटक झाली.

हौशी गाड्यांशी जवळचे उदाहरण केरळचे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवले. भूतानमधून आणलेल्या लँड क्रूझर, डिफेंडरसारख्या जुन्या दणकट गाड्यांना लष्कर आणि दूतावासांच्या नावाचे बनावट कागद जोडून हिमाचलसारख्या राज्यांत नोंदणी केल्याचा संशय होता. छापे पडले ते मल्याळी चित्रपटसृष्टीतील बड्या अभिनेत्यांच्या घरांवर. जुनी गाडी घेताना पैसेवाल्यालाही तपासणी जमतेच असे नाही, एवढे त्यातून दिसले.

नांदेड-लातूरच्या खरेदीदाराने जास्त सावध का राहावे?

पहिले कारण नकाशात आहे. नांदेड जिल्ह्याला तेलंगण आणि कर्नाटक, लातूरला कर्नाटक चिकटून आहे. अकोल्याहून नांदेड, देगलूरमार्गे संगारेड्डीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ हैदराबादच्या बाजाराला थेट जोडतो. उदगीरहून बिदर तर हाकेच्या अंतरावर. परराज्यातील गाडी ‘एनओसी आहे, पासिंग नंतर करू’ या भरवशावर घेणे इथे नेहमीचे आहे. पण प्रत्येक राज्य ओलांडताना कागदांचा एक थर वाढतो आणि मूळ नोंद एक पायरी लांब जाते.

दुसरे कारण दप्तराचे. एमएच-२६ नांदेड, एमएच-२४ लातूर ही मालिका १९८९ नंतरची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरे आणि चार आकड्यांचे क्रमांक होते. लातूर जिल्हाच मुळात १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला. १९७५ ची बुलेट ‘पहिल्यापासून लातूर पासिंग’ असल्याचे कोणी सांगत असेल तर आधी जुने पुस्तक मागावे. तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. अशा गाड्यांच्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांतून संगणकावर आल्या. त्यात कधी आकडे चुकले, कधी नोंद राहूनच गेली. प्रामाणिक मालकाला याचा त्रास होतो आणि लबाडाला आडोसा मिळतो.

मोबाइलवर नोंद ‘क्लीन’ दिसली की पुरेसे नाही का?

नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. ‘एम-परिवहन’वर गाडीचा क्रमांक टाकला की मालकाची नोंद, नोंदणीची तारीख, विमा दिसतो. चेसिस क्रमांकाचे काही आकडे मात्र झाकलेले असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर गाडी चोरीच्या यादीत आहे का, तेही बघता येते. एनओसी देण्यापूर्वी चोरीची नोंद नसल्याचा पोलिस अहवाल घेणे तर कलम ४८ नुसार आरटीओवर बंधनकारकच आहे. पण या सगळ्या तपासण्या विचारतात काय? क्रमांक. आणि क्रमांक भंगारात गेलेल्या खऱ्या गाडीचा आहे, तिच्या चोरीची तक्रार कोणी केलेलीच नाही. त्यामुळे उत्तर स्वच्छ येते. चोरीला गेलेल्या गाडीचा क्रमांक यादीत असतो, पण तो घासून टाकलेला असतो.

लोखंड तपासायची पायरी म्हणजे प्रत्यक्ष पाहणी आणि चेसिसचा पेन्सिलने घेतलेला ठसा. हा ठसा एजंट परस्पर आणून देतो तिथे या पायरीला फारसा अर्थ उरत नाही. गाडी आणि ठसा एकाच वेळी निरीक्षकासमोर असतील तरच ती तपासणी.

उघडकीस येते तेव्हा काय होते?

बहुधा उशिरा येते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी तपासणी. २० वर्षांपुढच्या गाड्यांचे हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये वाढून दुचाकीला २,००० आणि मोटारीला १०,००० रुपये झाले. घेताना निसटलेली गोष्ट अशा एखाद्या तपासणीत, अपघातानंतर विमा दाव्यात किंवा मूळ चोर पकडला गेल्यावर वर येते.

गाडीवरचा चेसिस किंवा इंजिन क्रमांक आरसीशी जुळत नसेल तर मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन नोंदणी रद्द करण्याची तरतूद कलम ५५ मध्ये आहे. गाडी चोरीची ठरली तर मालवस्तू विक्री कायदा, १९३० चे साधे तत्त्व लागू होते : विकणाऱ्याकडे जी मालकी नव्हती, ती घेणाऱ्याकडे येत नाही. तुम्ही पूर्ण किंमत दिली, पावती घेतली, गाडीवर वर्षभर खर्च केला, तरीही गाडीवर हक्क मूळ मालकाचा. त्याला चोरीचा दावा मिळाला असेल तर विमा कंपनीचा. तुमच्या हातात उरतो तो विकणाऱ्यावरचा दावा, तोही विकणारा सापडला तर.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल बाळगल्याबद्दल ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असणे किंवा तसे वाटण्यास कारण असणे त्यासाठी आवश्यक आहे. पण बाजारभावाच्या निम्म्यात, रोख, पावतीविना घेतलेली गाडी हेच ‘कारण’ म्हणून पुढे येऊ शकते. मुद्देमाल गाड्या पोलिस ठाण्यात सडत ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून योग्य व्यक्तीच्या ताब्यात द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले. कुठल्याही ठाण्याच्या आवारात नजर टाकली तर त्याचे पालन किती होते ते कळते.

प्रामाणिक मालकही अडकू शकतो का?

हो, आणि या विषयात हे सर्वात कमी बोलले जाते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एकाने दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याकडून १९५९ ची कॉर्व्हेट घेतली. २०१७ मध्ये नोंदणीसाठी नेली तेव्हा क्रमांकाची पट्टी काढून पुन्हा बसवल्याचे तपासणीत दिसले आणि गाडी जप्त झाली. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी पट्टी काढली होती, एवढेच. मालकाचा काहीच दोष नव्हता. गाडी नष्ट करण्यापर्यंत गोष्ट गेली. २०२२ मध्ये राज्याला कायदा बदलावा लागला आणि २०२३ मध्ये गाडी परत मिळाली.

आपल्याकडे हे रोज घडण्यासारखे आहे. रंग काढताना सँडब्लास्टिंग होते, गंजलेली पट्टी कापून नवी जोडली जाते, नंबरावर पुट्टी भरून पावडर कोटिंग केले जाते. जीपमध्ये मूळ इंजिनाच्या जागी मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवलेले असते आणि आरसीवर जुनाच इंजिन क्रमांक राहतो. हेतू वाईट नसतो, पण पुरावा पुसला जातो. ५० वर्षांपुढच्या दुचाकी-चारचाकींसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हीए’ ही वेगळी व्हिंटेज मालिका आणली; नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. त्यातली अट स्पष्ट आहे : चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. सांगाडा बदललेली बुलेट कितीही चकचकीत असली तरी त्या मालिकेत बसत नाही.

मग घेण्याआधी बघायचे काय?

गाडी दिवसाउजेडी, धुऊन, शक्यतो ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन बघावी. बुलेटचा क्रमांक हँडल ज्या नळीत फिरते तिच्यावर, जीपचा सांगाड्याच्या पुढच्या लांब पट्टीवर शोधावा. बोट फिरवावे. आजूबाजूचे लोखंड खोलगट किंवा जास्त गुळगुळीत लागले, वेल्डिंगची रेघ दिसली, फक्त तेवढ्याच भागात रंग नवा असला, आकड्यांची उंची एकसारखी नसली तर प्रश्न विचारावेत. घासलेला नंबर कायमचा जात नाही, हेही लक्षात ठेवावे. ठोकताना आकड्याखालचे लोखंड खोलवर दाबले जाते. प्रयोगशाळेत त्यावर रसायन लावले की जुना आकडा बऱ्याचदा पुन्हा उमटतो.

आरसीबरोबर सर्व आधीच्या मालकांची साखळी, जुने पुस्तक, जुना विमा, कराच्या पावत्या मागाव्यात. गाडी कधी विम्यात ‘टोटल लॉस’ झाली होती का, हे विमा कंपनीकडून विचारून घ्यावे. व्यवहाराच्या कागदावर चेसिस क्रमांक पूर्ण लिहून विकणाऱ्याची सही घ्यावी, पैसे बँकेतून द्यावेत आणि मोठी रक्कम नावावर झाल्यानंतरच सोडावी. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला एप्रिल २०२३ पासून आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते दाखवायला सांगण्यात संकोच नको.

गाडी आधीच घरात असेल आणि क्रमांक जुळत नसेल तर तो ‘नीट करून’ देणाऱ्या कारागिराकडे जाऊ नये. क्रमांक पुन्हा ठोकणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. आरटीओला लेखी कळवून तपासणी मागावी, पोच घ्यावी, आणि गाडी खोलण्यापूर्वी क्रमांकाचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत.