आडोसा कोणाचा?

समुद्रकिनारी तंबू, बाहेर मुसळधार पाऊस, आत दोघे जण. यात गुन्हा कोणता? पण ऑगस्ट २०१५ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या मढ-अक्सा किनाऱ्यावरील हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना पकडले. माणसे सज्ञान, खोल्या बंद. तरी कलम लावले ११०, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन! बंद खोलीची ही गत, तर तंबूच्या कापडाचे काय?

तुर्भ्याच्या वस्तीत काम करताना मी पाहते, दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे झोपतात. लग्नाच्या नवराबायकोलाही दोन शब्द बोलायला आडोसा नाही. त्यांनी एक दिवस किनारा गाठला, तर तिथेही लग्नाचा दाखला दाखवायचा? आणि पकडले गेल्यावर दंड भरून मुलगा सुटतो. मुलीचे मात्र शिक्षण सुटते, नोकरी सुटते, घाईने लग्न उरकले जाते.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो काय फक्त फ्लॅटवाल्यांचा? मैत्रिणींनो, संस्कृतीच्या नावाने दाखला मागणाऱ्याला आपण गटागटांतून एकच विचारू या : कोणत्या कायद्याने?