विश्लेषण : वेशभूषेची हौस, गणवेशाचा अधिकार आणि सुरक्षेचा प्रश्न

नवी दिल्ली : चित्रकथा, अ‍ॅनिमे, चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांच्या चाहत्यांची मोठमोठी संमेलने आता जगभर भरतात. आवडत्या पात्राची वेशभूषा करून, म्हणजेच ‘कॉस्प्ले’ करून तेथे मिरवणे हे या संमेलनांचे मुख्य आकर्षण असते. या वेशभूषेतील खोट्या तलवारी आणि बंदुकांवर आजवर बरीच चर्चा झाली आहे. त्या मानाने एका साध्या प्रश्नाकडे कमी लक्ष गेले. एखादा प्रेक्षक तेथील सुरक्षारक्षकासारखाच दिसत असेल तर? काळा टी-शर्ट, पाठीवर ठळक अक्षरांत ‘सिक्युरिटी’, कमरेला जाड पट्टा आणि कानात वायर एवढ्या साहित्यावर कोणीही गर्दीत रक्षक म्हणून खपून जाऊ शकतो. जवळ शस्त्र नसल्याने प्रवेशद्वारावर त्याला कोणी अडवतही नाही.

हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. गोंधळ उडाला, आग लागली किंवा एखाद्या तरुणीची छेड काढली गेली, तर हजारोंच्या त्या गर्दीत कोणाकडे धाव घ्यायची आणि कोणाचे ऐकायचे, हे लोक कपड्यांवरूनच ठरवतात. भारतातही अशी संमेलने वाढत असताना आपल्या कायद्यात या प्रश्नाचे उत्तर अर्धेच सापडते.

पात्रेच गणवेशातली

अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९७० मध्ये लहान प्रमाणावर सुरू झालेल्या कॉमिक-कॉनला आता १ लाख ३० हजारांहून अधिक लोक येतात. टोकियोतील ‘कॉमिकेट’ची सुरुवात १९७५ मध्ये झाली. भारतात दिल्लीमध्ये २०११ साली पहिले कॉमिक कॉन भरले आणि नंतर मुंबई, बंगळुरू, हैदराबाद अशा शहरांत त्याचा विस्तार झाला.

या चाहत्यांची अनेक लाडकी पात्रे मुळातच गणवेशधारी आहेत. ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’ या २०१४ मधील गेममध्ये खेळाडू हाच एका पिझ्झा रेस्टॉरंटचा रात्रपाळीचा सुरक्षारक्षक असतो. १९९६ पासून चालत आलेल्या ‘रेसिडेंट एव्हिल’ मालिकेत शहर पोलीस आहेत, तसेच एका कंपनीचे सशस्त्र पहारेकरीही आहेत. ‘स्टार वॉर्स’मधील पांढऱ्या चिलखतातला सैनिक पाहून कोणाचीही फसगत होणार नाही, कारण तो कल्पनेतला असल्याचे दुरूनही कळते. रात्रपाळीच्या रक्षकाचे तसे नाही. त्याचा वेश जितका हुबेहूब, तितका तो संमेलनाच्या खऱ्या रक्षकाच्या जवळ जातो. कॉस्प्लेमध्ये ज्या गुणाला दाद मिळते, तोच गुण येथे अडचणीचा ठरतो.

संमेलनांच्या इतिहासातही ही सीमारेषा फारशी ठळक नव्हती. अमेरिकेत १९७० च्या दशकात विज्ञानकथा संमेलनांच्या बंदोबस्तासाठी चाहत्यांनीच ‘डोर्साय इरेग्युलर्स’ हा गट उभा केला. गॉर्डन डिक्सन यांच्या कादंबऱ्यांतील लढवय्यांवरून, त्यांच्याच संमतीने, हे नाव घेतले होते. संमेलने लहान आणि माणसे परस्परांच्या ओळखीची होती तोवर त्यात अडचण नव्हती. लाखाच्या गर्दीत मात्र कोणी कोणाला ओळखत नाही. तेथे ओळखीची जागा गणवेश घेतो.

गणवेशाची आज्ञा

गणवेशाच्या या शक्तीचा शोध अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनर्ड बिकमन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घेतला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याने जाणाऱ्यांना एक अनोळखी माणूस क्षुल्लक सूचना देई : खाली पडलेली पिशवी उचल, त्या अनोळखी माणसाला पार्किंगसाठी सुटे पैसे दे, बसथांब्यावर पलीकडे उभा राहा. सूचना देणारा कधी साध्या कपड्यांत असे, कधी दूधवाल्याच्या गणवेशात, तर कधी सुरक्षारक्षकाच्या. लोकांनी रक्षकाच्या वेशातल्या माणसाचे सर्वाधिक ऐकले. दूधवाल्याच्या गणवेशाला तसा मान मिळाला नाही. सूचना देऊन रक्षक निघून गेला तरी लोक ती पाळत होते. त्या रक्षकाला तशी सूचना देण्याचा अधिकार आहे का, हे विचारण्याच्या भानगडीत बहुतेक जण पडले नाहीत.

या प्रवृत्तीचा फायदा गुन्हेगारांनी वारंवार घेतला आहे. टोकियोजवळच्या फुचू येथे १० डिसेंबर १९६८ रोजी मोटारसायकलवरील पोलिसाच्या वेशातील इसमाने बँकेची गाडी थांबवली, गाडीत स्फोटके असल्याचे सांगून कर्मचाऱ्यांना बाहेर काढले आणि सुमारे ३० कोटी येन घेऊन तो पसार झाला. या गुन्ह्याचा छडा कधीच लागला नाही. बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयात १८ मार्च १९९० रोजी पोलिसांच्या वेशातील दोघांना पहारेकऱ्यांनीच आत घेतले. १३ कलाकृती गेल्या, त्या आजवर परतलेल्या नाहीत.

याची सर्वांत भीषण उदाहरणे मात्र चोरीची नाहीत. नॉर्वेच्या उतोया बेटावर २२ जुलै २०११ रोजी हल्लेखोर पोलिसाच्या वेशात उतरला. ऑस्लोतील स्फोटानंतरच्या तपासणीसाठी आल्याचे त्याने सांगितले आणि भेदरलेली मुले त्याच्याकडे आधाराने पाहत राहिली. तेथे ६९ जणांचा जीव गेला. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात एप्रिल २०२० मध्ये पोलिसी गणवेश आणि हुबेहूब पोलिसी गाडी वापरणाऱ्या हल्लेखोराने २२ जणांना मारले. त्यानंतर पोलिसी गणवेश आणि तत्सम वस्तूंच्या विक्रीवर व वापरावर बंधने घालणारा कायदा त्या प्रांताने पुढच्याच वर्षी केला.

फिनिक्सचा धडा

चाहत्यांच्या संमेलनांना खडबडून जागे केले ते मे २०१७ मधील फिनिक्सच्या घटनेने. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या या राजधानीत सुरू असलेल्या कॉमिकॉनमध्ये एक इसम तपासणी टाळून आत शिरला. त्याच्या अंगात चिलखती जाकीट होते आणि जवळ चार भरलेल्या बंदुका होत्या. तेथे आलेल्या एका अभिनेत्यावर आणि पोलिसांवर हल्ला करण्याचा त्याचा बेत होता. दूरच्या एका व्यक्तीने वेळीच कळवल्यामुळे तो पकडला गेला. त्याने रक्षकाचा वेश केला नव्हता. तरीही चिलखत आणि बंदुका घेतलेला माणूस त्या गर्दीत वेगळा उठून दिसला नाही, ही बाब आयोजकांना हादरवणारी होती. त्यांनी संमेलनात खोट्या शस्त्रांवर तत्काळ सरसकट बंदी घातली आणि तपासणी कडक केली.

त्यानंतर अनेक ठिकाणच्या नियमावल्या काटेकोर झाल्या. शस्त्रांच्या प्रतिकृती तपासून त्यांवर खूण बांधण्याची पद्धत रूढ झाली. पोलीस, लष्कर किंवा सुरक्षा कर्मचारी यांच्याशी गल्लत होईल असे पोशाख नकोत, असेही काही आयोजक स्पष्टपणे लिहू लागले. शस्त्र प्रवेशद्वारावर मोजता-तपासता येते. पोशाख ‘गल्लत होण्याइतका’ सारखा आहे की नाही, हे ठरवणे अवघड असते. तो निर्णय बहुधा दारावरच्या स्वयंसेवकाच्या अंदाजावर सोडला जातो.

धोका वेश करणाऱ्यालाही असतो. कॅनडातील लेथब्रिज शहरात ४ मे २०२० रोजी, ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांच्या खास दिवशी, एका रेस्टॉरंटची कर्मचारी त्याच मालिकेतील सैनिकाच्या वेशात प्लॅस्टिकची बंदूक घेऊन बाहेर उभी होती. कोणीतरी पोलिसांना कळवले आणि पोलिसांनी बंदुका रोखून तिला जमिनीवर पालथे पाडले. उघडउघड काल्पनिक वेशात हे घडू शकते, तर खऱ्या रक्षकासारख्या दिसणाऱ्या माणसाला चकमकीच्या प्रसंगी किती धोका असेल, याची कल्पना करता येते.

इतर देशांची वाट

जपानमध्ये ‘किरकोळ गुन्हे कायद्या’नुसार कायद्याने ठरवलेला गणवेश किंवा त्याची नक्कल पात्रता नसताना वापरणे हाच गुन्हा आहे. तेथील सुरक्षा व्यवसाय कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. खासगी रक्षकाचा गणवेश रंग, आकार आणि चिन्ह यांवरून पोलिसाच्या गणवेशापेक्षा स्पष्टपणे वेगळा असलाच पाहिजे, असे तो सांगतो. ब्रिटनमध्ये १९९६ च्या पोलीस कायद्यातील ९० वे कलम गणवेशाबरोबर परिस्थितीचाही विचार करते. पोलिसी पोशाख अशा रीतीने घातला की पाहणाऱ्याची फसगत व्हावी, तर तो गुन्हा ठरतो. नाटकातल्या पोलिसाला त्याची झळ बसत नाही. रस्त्यावर तोच पोशाख घालून वाहने अडवणाऱ्याला बसते.

भारतात कायद्याचे अर्धे उत्तर

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २०५ वे कलम लोकसेवकाच्या गणवेशासारखा पोशाख किंवा चिन्ह वापरण्याविषयी आहे. आपण त्या वर्गातील आहोत असा समज व्हावा या उद्देशाने, किंवा तसा समज होण्याची शक्यता आहे हे ठाऊक असताना असा वेश केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हा दंड केवळ २०० रुपये होता. सैनिकाच्या वेशासाठी १६८ वे कलम वेगळे आहे. पठाणकोट हवाई तळावर जानेवारी २०१६ मध्ये झालेल्या हल्ल्यातील दहशतवादी लष्करी गणवेशात होते. त्यानंतर लष्कराने नागरिकांना तसे कपडे न घालण्याचे आणि दुकानदारांना ते न विकण्याचे आवाहन केले. २०२२ मध्ये आलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीची लष्कराने नोंदणीही करून घेतली.

या सर्व तरतुदी लोकसेवक आणि सैनिक यांच्यापुरत्या आहेत. कार्यक्रमाच्या बंदोबस्तासाठी नेमलेला खासगी रक्षक किंवा ज्याला आपण सर्रास ‘बाउन्सर’ म्हणतो तो, लोकसेवक नाही. त्यामुळे त्याच्यासारखा काळा टी-शर्ट घालून फिरणाऱ्या प्रेक्षकाला, त्याने त्या वेशात कोणाला फसवले नाही तोवर, ही कलमे लागू होणे कठीण आहे. खासगी सुरक्षा संस्था नियमन कायदा, २००५ याचे २१ वे कलम नक्कल रोखते, पण ती दुसऱ्या दिशेची : खासगी रक्षकाने पोलीस वा लष्कराचा वेश करू नये. खासगी रक्षकाचा वेश प्रेक्षकाने करू नये, याविषयी ते काही सांगत नाही.

एक आधार मात्र याच कायद्याच्या चौकटीत आहे. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार खासगी रक्षकाच्या दंडावर संस्थेची ओळख पटवणारे चिन्ह, पदाचा बिल्ला आणि कामावर असताना पोशाखावर दर्शनी भागात छायाचित्रासह ओळखपत्र असले पाहिजे. प्रत्यक्षात अनेक कार्यक्रमांत ‘सिक्युरिटी’ एवढा शब्द छापलेला टी-शर्ट हीच रक्षकाची सारी ओळख असते. असा टी-शर्ट बाजारात कोणालाही विकत मिळतो. नक्कल सोपी होण्यास येथे चाहत्याच्या हौसेइतकेच आयोजकाचे दुर्लक्षही कारणीभूत ठरते.

बंदीच्या पलीकडे

सरसकट बंदी हा सोपा, पण अपुरा उपाय आहे. ती फार व्यापक ठेवली तर महिनोन्‌महिने खपून पोशाख शिवणारा चाहता दारातून परत फिरतो आणि वाईट हेतूने येणारा आत गेल्यावर टी-शर्ट बदलतो. वेश घेण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांत फौजदाराच्या वेशात येऊन घरमालकाला ‘अटक’ करणारा बहुरूपी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हसत स्वीकारला. त्याच्या अतिशयोक्त बोलण्यातून सोंग आधीच उघडे पडत असे आणि शेवटी तो बिदागी मागून आपली ओळख देई. पाहणाऱ्याला हे सोंग असल्याचे कळत होते, म्हणून तो खेळ होता. संमेलनातील वेशालाही हीच कसोटी लावता येईल.

त्यासाठी आयोजकांना काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत. सध्या प्रत्यक्ष वापरात असलेल्या आणि त्या शहरात नेहमी दिसणाऱ्या गणवेशांची नक्कल नको, काल्पनिक गणवेश चालतील, असा नियम तिकीटविक्रीच्या वेळीच स्पष्ट भाषेत सांगता येईल. प्रवेशद्वारावर शंका आली तर माणसाला परत पाठवण्याऐवजी ‘सिक्युरिटी’ हा शब्द झाकणारी पट्टी किंवा पात्राचे नाव असलेली ठळक चिठ्ठी देता येईल. मुख्य म्हणजे खऱ्या रक्षकांना दरवर्षी बदलणाऱ्या रंगाचे, क्रमांक असलेले जाकीट देऊन त्याचे चित्र प्रत्येक प्रवेशद्वारावर आणि तिकिटावर छापता येईल. म्हणजे मदत हवी असलेल्या मुलीला ती ज्याच्याशी बोलत आहे तो खरा रक्षक आहे की नाही, हे स्वतःच पडताळता येईल.

ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. वेशभूषा म्हणजे छेडछाडीला परवानगी नव्हे, असे फलक न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये लावले होते. असे फलक लागण्याची वेळ ज्या ठिकाणी येते, तेथे तक्रार घेऊन जाण्याचे माणूस विश्वासार्ह असणे अत्यावश्यक ठरते. तक्रारदार तरुणी चुकीच्या माणसाला रक्षक समजून त्याच्यामागे एकांतात गेली, तर नियमावलीतील कोणतेही कलम त्या क्षणी तिच्या उपयोगी पडणार नाही.

खासगी रक्षकांचे परवाने देणारी यंत्रणा राज्यांकडे आहे आणि मोठ्या कार्यक्रमांची परवानगीही स्थानिक पोलिसांकडूनच घ्यावी लागते. ती देताना रक्षकांची ओळखपत्रे आणि बिल्ले दर्शनी ठेवण्याचे नियम प्रत्यक्षात पाळले जातात का, एवढे तपासले तरी हा प्रश्न बराच सुटेल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.